विरोधात एक

ऑल्डब्रुक गावाचा वार्षिक अहवाल फेब्रुवारीअखेर छापून यायचा, आणि गावातले झाडून सगळे तो मागून वाचायला घ्यायचे. पुढच्या पानांवर पंचांचं निवेदन असे, बर्फाळ रस्त्यांवर किती वाळू टाकली ते असे, वर्षभरात किती जन्मले आणि किती गेले ते असे. त्यात कुणाला रस नव्हता. शेवटून दुसऱ्या पानावर घरपट्टी थकवणाऱ्यांची यादी असे, नावासकट आणि रकमेसकट. न्यू हॅम्पशायरातली ही जुनी रीत. सरकारनं आपल्या खिशात हात घालू नये म्हणून भांडणारी ही माणसं, पण वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या खिशात डोकावून बघायला त्यांची काही हरकत नसते.

ही यादी लॉर्ना विगिन तयार करायची. गावकचेरीत ती एकटीच होती. घरपट्टी घेणारी तीच, कुत्र्यांचे परवाने देणारी तीच आणि गावसभेचं इतिवृत्त लिहिणारीही तीच. दर तीन वर्षांनी गाव तिला निवडून देई, कारण दुसरं कुणी उभं राहत नसे. तिला कुणी विचारलंच की बाई, हा कर हवा कशाला, तर ती म्हणे, "प्रत्येकानं थोडंथोडं दिलं की कुणा एकाचं मोडत नाही." एवढंच तिचं तत्त्वज्ञान. तिचा बाप गावचे रस्ते राखायचा, पहाटे चारला उठून बर्फ ढकलायला जायचा. रस्ता आपोआप मोकळा होत नाही हे तिला पाळण्यातच कळलं होतं.

यादीत एक नाव अकरा वर्षांत कधी आलं नव्हतं, आणि गावाला त्याचंच सगळ्यात मोठं नवल होतं. ते नाव ॲल्डन विगिनचं, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं.

ॲल्डन घरपट्टी भरत नसे, आणि हे तो लपवत नसे. दर डिसेंबरला गावकचेरीचं पाकीट आलं की ते तो न उघडता गावच्या दुकानात घेऊन जाई. दुकानाच्या मध्यभागी लाकडांची शेगडी होती. तिचं झाकण उघडून तो पाकीट आत टाकी आणि म्हणे, "बंदुकीच्या धाकानं घेतात ती चोरी. ती गावानं केली म्हणून तिचं पुण्य होत नाही." लोक कॉफीचे कप घेऊन भोवती उभे असत. कुणी टाळ्या वाजवी, कुणी म्हणे, "पाकीट ओलं होतं का रे, धूर फार झाला." मग तो एक डोनट खाऊन घरी जाई. लोकांना वाटे, पंच त्याला घाबरतात. त्यालाही तेच वाटे.

माणूस कंजूष नव्हता, हे सांगायलाच हवं. करवतींना धार लावायचं त्याचं काम होतं, आणि गावातल्या निम्म्या विधवांच्या करवतींना तो फुकट धार लावी. कुणाच्या दारातला बर्फ काढायचा असला की न बोलावता जाई. गावसभेत अंदाजपत्रक मताला आलं की मात्र हात वर करून एकटा विरोध करी. लॉर्ना इतिवृत्तात लिही, 'विरोधात: एक.' नाव लिहायची पद्धत नव्हती आणि गरजही नव्हती.

हे सगळं सुरू झालं ते हॅटी कॉर्लिसच्या घरापासून. हॅटी म्हातारी होती, एकटी होती, आणि तिनं तीन वर्षं घरपट्टी थकवली होती. कायदा असा, की इतकी थकबाकी झाली की घर गावाच्या नावावर करायचं, आणि त्या कागदावर सही करायची ती घरपट्टी घेणाऱ्यानं. पंचांनी नाही, न्यायाधीशानं नाही. लॉर्नानं सही केली. हॅटीची चूल गाडीत चढवायला ॲल्डन गेला होता. ती जिल्ह्याच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात गेली आणि त्याच हिवाळ्यात मेली. ॲल्डन कचेरीच्या खिडकीशी आला, म्हणाला, "आजपासून माझ्याकडून एक सेंट मिळायचा नाही. घे माझंही घर. बघतो कशी घेतेस ते."

ते घर दोघांच्या बापाचं होतं. लॉर्ना त्याच घरात जन्मली होती. तिला त्या कागदावर सही करायची नव्हती, एवढं तिला त्या दिवशी खिडकीशीच कळलं. मग तिनं एक युक्ती केली, आणि आयुष्यभर सचोटीनं वागलेल्या माणसाच्या युक्तीत असतो तसा घोळ त्या युक्तीतही होता. डिसेंबर आला की ती आपल्या पगारातून भावाची घरपट्टी भरी. त्याच्या नावानं पावती फाडी आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून देई. यात बेकायदा काही नव्हतं. कुणाचीही घरपट्टी कुणीही भरावी. ॲल्डन पाकीट उघडतच नसे, त्यामुळे 'बाकी नाही' असा शिक्का त्याला कधी दिसला नाही. अकरा वर्षं तो मोठ्या थाटात स्वतःची भरलेली बिलं जाळत होता.

त्यापायी लॉर्नाचं बरंच राहून गेलं. नवरा गेल्यावर तिनं माहेरचं आडनाव पुन्हा लावलं होतं आणि ती पोस्टाच्या वर दोन खोल्यांत भाड्यानं राही. एका वर्षी तिचा पुढचा दात काढावा लागला, तो तिनं परत बसवला नाही. हसताना तोंडावर हात धरायची तिला सवय लागली. लोक म्हणत, "लॉर्ना, दात बसवून घे की," आणि ॲल्डन म्हणे, "आळशी आहे ती. लहानपणापासून."

बाराव्या वर्षीच्या गावसभेत चौदावा ठराव ॲम्ब्युलन्सचा होता. शेजारच्या ब्रॅमहॉल गावची ॲम्ब्युलन्स बारा मिनिटांत ऑल्डब्रुकात यायची आणि गाव त्यांना वर्षाला ठरावीक रक्कम द्यायचं. ब्रॅमहॉलनं ती दुप्पट केली होती. नाही दिली तर पुढची ॲम्ब्युलन्स जिल्ह्याच्या गावाहून, पाऊण तासाच्या वाटेवरून.

मार्चचा दुसरा मंगळवार. गावसभागृहात दीडशेक माणसं, ओल्या बुटांचा वास, आणि मागच्या खोलीत चर्चच्या बायका दुपारच्या जेवणासाठी घेवड्याचे दाणे शिजवत होत्या. सभापती एव्हरेट नॉइस, एके काळचे शाळामास्तर. त्यांनी ठराव वाचला आणि डॉट पिंकहॅम उभी राहिली. तिच्या नवऱ्याला, क्लेटनला, दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका आला होता. तो तिच्या शेजारीच बसला होता.

"मला फार बोलता येत नाही," डॉट म्हणाली. "हा माझ्या शेजारी बसलाय तो बारा मिनिटांमुळे. पाऊण तास असता तर खुर्ची रिकामी असती. बस्स."

"तसा आहे तो बिनकामाचाच," मागून कुणी तरी म्हणालं. लोक हसले. क्लेटनही हसला.

मग ॲल्डन उठला. बोलायला तो चांगला होता, हे लॉर्नाला नेहमीच वाटे, आणि ते तिला आवडतही असे.

"क्लेटन माझा मित्र आहे," तो म्हणाला. "त्याच्यासाठी पैसे मागा, मी आत्ता काढून देतो. दुकानात एक डबा ठेवा, त्यात प्रत्येकानं आपल्या मनानं टाकावेत. पण तुम्ही मागत नाही, तुम्ही घेता. नाही दिलं तर घर घेता. तुम्ही म्हणता की असं घेतलं नाही तर गाव बुडेल. मी अकरा वर्षं एक सेंट दिलेला नाही. बुडालं का गाव? माझ्या रस्त्यावरचा बर्फ काढला गेला की नाही? पंच माझ्या दारात आले का? आले नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक आहे की हा सगळा पोकळ दम आहे. एकटा माणूस नाही म्हणाला आणि काही झालं नाही. तुम्ही सगळे नाही म्हणालात तरी काही होणार नाही."

सभागृहात कुजबुज झाली. लॉर्ना सभापतींच्या शेजारच्या टेबलावर बसून लिहीत होती. तिला लोकांचे चेहरे दिसत होते, आणि ते डोलताना दिसत होते. माणसाला फुकट जगलेला माणूस समोर दिसला की मोह होतोच. ॲल्डनचा मुद्दा तिच्याच पगारावर उभा होता, आणि तो चालून जात होता.

"लॉर्नालाच विचारा," ॲल्डन म्हणाला. "सभापती महाशय, गावच्या अधिकाऱ्याला मी प्रश्न विचारू शकतो ना? माझं नाव यादीत आहे का?"

"लॉर्ना?" नॉइस म्हणाले.

ती उभी राहिली. "नाही."

"अकरा वर्षांत कधी होतं?"

"नाही."

"का नाही तेही सांग. सांग की. घाबरतात म्हणून."

ती 'मला ठाऊक नाही' म्हणू शकली असती. खाली बसू शकली असती. पण डॉट तिच्याकडे बघत होती आणि क्लेटन कोटाचं बटण लावत बसला होता, आणि आयुष्यात तिनं सभेपुढे कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"यादीत थकबाकीदार येतात," ती म्हणाली. "तुझी थकबाकी नाही. घरपट्टी दर वर्षी भरली गेली आहे."

"कुणी भरली?"

"मी."

मागच्या खोलीत बशा लावल्याचा आवाज येत होता तेवढाच. ॲल्डन उभाच होता. त्याचं तोंड थोडं उघडं होतं, आणि तो एकदम म्हातारा दिसला.

लॉर्नाला वाटलं होतं की आता लोकांना कळेल. फुकट काही नव्हतं, कुणी तरी भरतच होतं, एवढं तर कुणालाही कळावं. पण लोकांना कळायचं ते कळतच नाही, भलतंच कळतं. लिनवुड गोव उभा राहिला. लाकूडतोडीचं काम करणारा, चार मुलांचा बाप, आणि यंदाच्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं.

"म्हणजे माझं नाव छापायचं आणि भावाचं झाकायचं," तो म्हणाला. "माझ्या पोरीला शाळेत चिडवतात त्या पानावरून. ती घरी येऊन रडते. तेव्हा तुझ्या पगारातून नाही भरलंस ते?"

"लिनवुड, ते माझे पैसे होते."

"तुझे पैसे कुणाचे गं? आमचेच. तुझा पगार घरपट्टीतूनच निघतो."

यावर मोठा हशा झाला, पण तो चांगला हशा नव्हता. कुणी म्हणालं, आणखी कुणाकुणाचं झाकलंय ते तपासा. कुणी म्हणालं, हॅटी कॉर्लिस कुणाची बहीण नव्हती, नाही का. नॉइस लाकडी हातोडी आपटत राहिले. कुणी कुणाला किती दिलं आणि कुणी कुणाचं खाल्लं यातच अर्धा तास गेला, आणि ॲम्ब्युलन्सचं नाव कुणी काढलं नाही. मग मतदान झालं. बाजूने अठ्ठावन्न, विरोधात सहासष्ट. लॉर्नानं आकडे लिहून घेतले. ॲल्डन मतदानाला थांबला नव्हता.

जेवणाच्या वेळी डॉट तिच्या शेजारून थाळी घेऊन गेली. "दहा वर्षांपूर्वी तरी बोलायचं होतंस," ती म्हणाली, "नाही तर आज तरी गप्प बसायचं होतंस."

पुढचे सहा आठवडे ॲल्डन तिच्याशी बोलला नाही. मग बर्फ वितळला, चिखल सुकला, आणि एके दिवशी कचेरीच्या खिडकीसमोरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक गेला. मग आणखी एक. लॉर्ना बाहेर आली. सरळसोट, जाड, तांबूस सालीचे पाइन होते ते. असे पाइन गावात एकाच ठिकाणी होते, बापाच्या घरामागे. बापानं त्यांतलं एकही झाड तोडू दिलं नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळी ॲल्डन कचेरीत आला. टोपी काढली नाही.

"किती झाले?"

"बस तरी."

"बसायला आलो नाही. अकरा वर्षांचे किती झाले ते सांग."

"मला नकोत ते, ॲल्डन."

"मला कुठे विचारलं होतंस, मला हवेत का म्हणून? सांग आकडा."

तिनं बिस्किटांचा डबा काढून पावत्या पुढे ठेवल्या. त्यानं एकेक वाचली. पहिल्यांदाच वाचत होता. मग खिशातून पाकीट काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं.

"अकरा वर्षांची घरपट्टी मी शेवटच्या सेंटपर्यंत भरली," तो म्हणाला. "तुझ्या कृपेनं. गावाला दिली नसती. बहिणीचं देणं बुडवायला मला आईनं शिकवलेलं नाही."

"घर गेलं असतं रे."

"गेलं असतं. माझं गेलं असतं. गाव निदान पाकीट पाठवून मागत होतं. मला नाही म्हणता येत होतं. तू तेवढंही ठेवलं नाहीस. अकरा वर्षं मी समजत होतो की मी लढतोय, आणि समोर कुणी नव्हतंच. सगळं गाव हसलं त्या दिवशी. मी चोर म्हणायचो ना गावाला? गावानं कधी माझ्या नकळत काही नेलं नव्हतं."

"मग काय करायला हवं होतं मी? सही?"

"हॅटीच्या वेळी केलीस ना."

तिनं पावत्या गोळा करून डब्यात ठेवल्या. हा प्रश्न ती बारा वर्षं स्वतःलाच विचारत आली होती, आणि आता तो त्यानं विचारला होता.

"या वर्षीचं बिल मी भरणार नाही," ॲल्डन म्हणाला. "आणि तूही भरायचं नाहीस. यादीत माझं नाव आलं पाहिजे. वेळ भरली की घराचा कागद तू करायचास आणि सही तूच करायची. राजीनामाबिजिनामा काढायचा नाही मध्येच. तुला कर बरोबर वाटतो ना? मग नीट वसूल कर." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "आणि तो दात बसवून घे. मला वाटायचं तू आळस करतेस."

पाकीट तिनं कपाटात ठेवलं. दात बसवला नाही. आता बसवला तर गाव म्हणेल, भावाच्या पाइनचा दात.

पुढच्या फेब्रुवारीत यादीत त्याचं नाव आलं, अगदी खाली, विगिन आडनाव इंग्रजीतल्या शेवटच्या अक्षरांतलं म्हणून. ॲल्डननं ते पान कापून दुकानाच्या शेगडीवरच्या भिंतीला टाचणीनं लावलं. त्याच शेगडीशेजारी कॉफीचा एक रिकामा डबा ठेवला होता, 'ॲम्ब्युलन्ससाठी, आपल्या मनानं' असं लिहून. दर शनिवारी ॲल्डन त्यात वीस डॉलरची नोट टाकी. बाकीच्यांनी काय टाकलं ते वर्षअखेर मोजलं, तर मुख्यतः चिल्लर, एक शर्टाचं बटण आणि लिनवुडच्या पोरीनं टाकलेला एक डॉलर निघाला.

दुसऱ्या हिवाळ्यात क्लेटन पिंकहॅम लाकडं फोडताना कोसळला. डॉटनं आधी जिल्ह्याला फोन केला आणि मग ॲल्डनला. ॲल्डननं त्याला आपल्या ट्रकमध्ये घातलं आणि चाकांना साखळ्या लावलेल्या होत्या तरी बर्फावरून जीव मुठीत धरून पळवला. ब्रॅमहॉलच्या अलीकडच्या चढावर क्लेटन गेला. दफनाच्या वेळी ॲल्डन लॉर्नाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"ॲम्ब्युलन्स असती तरी गेला असता," तो म्हणाला.

 थोड्या वेळानं त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जास्त हळू. पुढच्या शनिवारी त्यानं डब्यात नोट टाकली. त्यानंतर डबा कुणी तरी उचलून आत ठेवला.

तिसऱ्या वर्षी मुदत भरली. पंचांपैकी एक चांगला माणूस होता. तो म्हणाला, "लॉर्ना, महिनाभर रजा घे. बदलीचा माणूस सही करेल." एक दिवसभर तिनं विचार केला, तोही खिडकी बंद ठेवून. कपाटातलं पाकीट तिथेच होतं. त्यातून थकबाकी भागली असती आणि वर उरलं असतं. पण तसं केलं तर ॲल्डन पुन्हा कशाला तरी घाव घालून ते फेडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाइन संपले होते. पुढे काय तोडेल ते सांगता येत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिनं सही केली. ॲल्डन समोर उभा होता. त्यानं कागद आपल्याकडे वळवून नाव वाचलं आणि मान हलवली, करवतीची धार बघताना हलवायचा तशी. किल्ल्या फळीवर ठेवल्या.

"स्वयंपाकघराचं दार जरा उचलून लावावं लागतं," तो म्हणाला. "जो कुणी घेईल त्याला सांग."

"राहणार कुठे?"

"लिनवुडच्या रानात त्याचं जुनं चाकांवरचं घर पडून आहे. भाडं ठरलंय. विचारून ठरलंय." शेवटचे दोन शब्द त्यानं सावकाश म्हटले, आणि गेला. ती त्या दिवशी लवकर घरी गेली आणि पोटभर रडली. रडूनही तिला बरं वाटलं नाही.

घर बोस्टनच्या एका दंतवैद्यानं उन्हाळ्यापुरतं राहायला घेतलं, चांगली किंमत देऊन. त्या काळी कायदा असा होता की थकबाकी वळती करून उरलेली रक्कमही गावाचीच. मार्चच्या गावसभेपुढे पंचांनी ठराव आणला की या पैशातून ब्रॅमहॉलची ॲम्ब्युलन्स सात वर्षांसाठी पुन्हा सुरू करावी. ठरावाखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: घरपट्टीत एका सेंटचीही वाढ नाही.

एवढा आवडता ठराव ऑल्डब्रुकात कधी आला नसेल. कुणाला चर्चा नको होती. लिनवुड म्हणाला, "याला विरोध करणारा माणूस अजून जन्मायचाय," आणि सगळ्यांनी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या ॲल्डनकडे पाहिलं. नॉइस म्हणाले, "बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा." हातांचं रान उभं राहिलं. लॉर्ना मोजू लागली. डॉटचा हात होता. लिनवुडचा होता. मागच्या रांगेत ॲल्डनचाही होता, सरळ, सगळ्यांपेक्षा उंच.

"एकशे एकतीस," ती म्हणाली.

"विरोधात?" नॉइसांनी केवळ रीत म्हणून विचारलं आणि ते पुढचा कागद उचलू लागले. लॉर्नानं पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

"चुकून झालं का, लॉर्ना?"

"नाही."

"काही बोलायचंय?"

"घरपट्टी म्हणजे प्रत्येकानं थोडंथोडं द्यायचं असतं," ती म्हणाली. तोंडावर हात धरायचं ती विसरली होती. "म्हणून मी ती सत्तावीस वर्षं तुमच्याकडून मागत आले. यात तुमच्यापैकी कुणीच काही दिलेलं नाही. एकाकडून सगळं घेतलंय आणि सगळ्यांना फुकट मिळतंय. याला मी कर म्हणत नाही."

"फुकट मिळतंय ना? मग बरंच की," लिनवुड म्हणाला, आणि सभा खदखदून हसली. ठराव मंजूर झाला.

जेवणाला ॲल्डन थाळी घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. दाणे चिवडत राहिला.

"घर गावानं घेतलं," तो शेवटी म्हणाला. "पण ॲम्ब्युलन्स मी दिली. आपल्या मनानं दिली. हात वर केला तेव्हा तसं धरून चाललो होतो मी. क्लेटनसाठी." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तेवढं तरी माझं राहू द्यायचं होतंस. तेही तू उठून सांगितलंस सगळ्यांना, की ते घेतलेलं आहे."

 तो उठला, थाळी धुवायच्या पाटीत नीट ठेवली, चर्चच्या बायकांचे आभार मानले आणि बाहेर पडला.

दुपारी कचेरीत बसून तिनं इतिवृत्त साफ करून लिहिलं. बाजूने: एकशे एकतीस. विरोधात: एक. नाव लिहायची पद्धत नव्हती. पुढे कधी कुणी ते वाचलं तर ॲल्डन विगिनच असणार असं समजून पान उलटणार होता. मग तिनं पुढच्या वर्षीच्या थकबाकीच्या यादीची वही उघडली आणि अगदी तळाच्या ओळीवरून रेघ मारली. यंदापासून त्याचं नाव येणार नव्हतं. त्याच्या नावावर आता काही उरलंच नव्हतं.